नेपथ्यातला आवाज



मागच्या व्याख्यानात आपण आनंदवर्धनाच्या ध्वनिविचारापाशी थांबलो होतो. शब्द थेट सांगतो तो अर्थ एक, आणि त्यातून सूचित होतो तो दुसरा. ह्या दुसऱ्याला नवव्या शतकातल्या त्या काश्मिरी पंडिताने 'ध्वनी' म्हटलं. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने आम्हाला गाठलं. म्हणाला, "सर, तासभर ध्वनी ध्वनी केलंत, पण कानाला ऐकू येणारा आवाज त्यात कुठेच नव्हता." आक्षेप रास्त होता. म्हणून आज कानाला ऐकू येणारा आवाज घेऊ, आणि तोही नाट्यगृहाच्या मागच्या बाजूचा.

आधी एक घरगुती गोष्ट. वयोमानानुसार आमच्या कानात यंत्र आलं. त्यात गोंगाट कमी करायची सोय आहे. बोलणं पुढे येतं, बाकीचं मागे ढकललं जातं. ते लावून नाटकाला बसलो. संवाद अगदी स्वच्छ! पण पहिला प्रवेश संपला, अंधार झाला, आणि काहीच ऐकू आलं नाही. प्रकाश आला तेव्हा दिवाणखान्याच्या जागी दवाखाना उभा. जणू टेबल आपल्या पायांनी चालत आलं आणि पलंग आपण होऊन निघून गेला. त्या रात्री आमच्या लक्षात आलं, की हे यंत्र कानात काल आलं असेल, पण आमच्या समीक्षेने ते केव्हापासूनच लावलेलं आहे. संहिता, अभिनय, दिग्दर्शन ऐकायचं, बाकीचा तो गोंगाट. आम्हीही वर्षानुवर्षं असंच लिहीत आलो, हे कबूल करायला हवं.

आता विंगेत जाऊ. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मुलांचा संच घेऊन आम्ही एकांकिका स्पर्धांना जायचो, तेव्हा बराच काळ विंगेत उभं राहायला मिळे. पहिल्या घंटेआधी तिथे हातोडीची ठकठक, लाकडी फ्लॅट फरशीवरून ओढल्याची खरखर, ट्रंकेच्या झाकणाचा दणका, ओल्या कपड्यावर टेकलेल्या इस्त्रीचं चर्र. तिसरी घंटा होते, आणि तीच माणसं चपला काढून अनवाणी चालू लागतात. बांगड्या मनगटावर वर सरकवल्या जातात. खोकला उपरण्यात जातो. शांतता आपोआप 'होत' नाही, बरं का. ती दहा-बारा माणसं मिळून करतात.

तिथे एक वयस्कर बॅकस्टेजवाले काका होते. मागच्या फ्लॅटमागे बसायचे. तिथून त्यांना रंगमंच दिसत नसे. टेलिफोनची घंटा वाजवायचं काम त्यांच्याकडे. पलीकडे कपबशी टेबलावर टेकल्याचा आवाज आला, की हात घंटेवर. पण लगेच वाजवायचे नाहीत. प्रेक्षक हसत असले तर ते हसू ओसरेपर्यंत थांबायचे. पूर्ण ओसरू द्यायचे नाहीत, जरासं उरलेलं असतानाच घंटा. एकदा ते आजारी पडले आणि घंटा आमच्याकडे आली. आम्ही कपबशीबरोबर ती वाजवली, ऐन हशात. नटाचं पुढचं वाक्य वाहून गेलं. आम्हाला संहिता पाठ होती, पण त्यांना नाटक ऐकू येत होतं. हा फरक तेव्हा आम्ही अनुभवाचा मानला. आज वाटतं, ती समीक्षाच होती, फक्त लिहिलेली नव्हती.

आपल्या परंपरेला हे ठाऊक होतं. भरताच्या नाट्यशास्त्रात नेपथ्य म्हणजे नटांची वेशभूषा, आणि नेपथ्यगृह म्हणजे तिची जागा. संस्कृत नाटकांत 'नेपथ्ये' अशी रंगसूचना आली, की पडद्यामागून आवाज येतो. अशा आवाजातून कथाभाग कळवण्याच्या युक्तीला 'चूलिका' असं नावही आहे. शिवाय पाचव्या अध्यायातल्या पूर्वरंगाची पहिली नऊ अंगं पडद्याआड करायची आहेत: वाद्यं मांडणं, गायकांनी जागा घेणं, तारा जुळवणं वगैरे. ह्या तयारीला भरताने नावं दिली, क्रम दिला, ती प्रयोगात मोजली. आज मराठीत नेपथ्य म्हणजे सेट, म्हणजे पडदा उघडल्यावर जे दिसतं ते. कानाचाही होता तो शब्द निव्वळ डोळ्यांचा झाला.

पाश्चात्त्यांकडे वळलो तर दोन नावं चटकन आठवतात. जॉन केज ह्यांच्या 1952 सालच्या '4 मिनिटं 33 सेकंद' ह्या रचनेत वादक एकही सूर वाजवत नाही. सभागृहात जे कानावर पडेल तेच संगीत. आणि फ्रान्सचे पिएर शेफर. त्यांनी 1966 साली मोठा ग्रंथ लिहून सांगितलं, की आवाज कशातून आला हे बाजूला ठेवा आणि नुसता आवाज ऐका. दोघांनी आपले कान उघडले, हे ऋण मान्य. पण विंगेत त्यांचा मार्ग अपुरा पडतो. दोर कप्पीवरून सरकतानाची कुरकुर 'नुसता आवाज' म्हणून ऐकली, तर तो ओढणारा माणूस पुन्हा नाहीसा होतो. तिथे ऐकायचं ते हेच, की हा आवाज कोणाचा आणि कोणत्या कामाचा.

मायकेल फ्रेन ह्यांनी 'नॉइझेस ऑफ' ह्या 1982 च्या फार्समध्ये दुसऱ्या अंकात सेटच उलटा फिरवला. आपल्याला दिसतो तो मागचा भाग, आणि तिथली भांडणं आवाज न करता चाललेली. आपण हसतो, पण गप्प राहायला किती कष्ट पडतात तेही बघतो.

आणि आपल्याकडे तेंडुलकरांचं 1967 सालचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. प्रयोगाआधी रिकाम्या हॉलमध्ये थांबलेली हौशी मंडळी, म्हणजे एका अर्थी विंगेतलाच वेळ. सुरुवातीला सामंत बेणारेला दाराच्या कडीची खोड सांगतो. पुढे तिला निघून जायचं असतं, तेव्हा तेच दार उघडत नाही. बेणारेच्या स्वगतावर आपण पुष्कळ लिहिलं. त्या कडीवर किती? इथली शांतता हुकमाची आहे, एकीला गप्प करण्यासाठी. विंगेतली शांतता दुसऱ्याचं बोलणं ऐकू जावं म्हणून राखलेली. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. समीक्षकाचं काम असेल, तर ह्या दोन शांतता वेगळ्या ओळखण्याचं आहे.

हल्ली नाटकाला गेलो, की यंत्रातली ती सोय आम्ही बंद करतो. चार-दोन शब्द सुटतात, शेजारी बसलेल्या पत्नीला विचारावं लागतं, मागचे लोक 'शुक्' करतात. पण अंधारात टेबल उचलताना कोणीतरी हळूच 'हं, घे' म्हणतं, ते ऐकू येतं.

पुढच्या नाटकाला पहिल्या घंटेच्या आधी पोहोचा आणि पडद्याकडे कान लावून बसा. काय ऐकलंत ते पुढच्या वेळी सांगा. तिथूनच सुरुवात करू.