दैवाने दिलेले आणि कर्णाने निवडलेले

महाभारतातील कर्णाविषयी मराठी वाचकाला वाटतो तेवढा जिव्हाळा दुसऱ्या पात्राविषयी क्वचितच वाटत असेल. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) तो अधिकच दृढ केला. परंतु या जिव्हाळ्याचा मोठा अंश करुणेचा आहे. जन्मतःच टाकलेला, शापांनी जखडलेला, कवचकुंडलांना मुकलेला कर्ण म्हणजे दैवाच्या हातचे बाहुले, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही करुणा कर्णावर अन्यायच करते असे मला वाटते. कारण जो सर्वस्वी दैवाधीन, त्याला जसा दोष नाही तसे मोठेपणही नाही.

दैव आणि पुरुषार्थ यांची वाटणी करून हा प्रश्न मिटविण्याचा मोह जुना आहे. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकात कर्ण जन्म दैवाच्या पदरात टाकतो आणि पराक्रम तेवढा आपला म्हणून सांगतो. उत्तर बाणेदार खरे. पण त्यात दैव आणि पुरुषार्थ यांची गाठच पडत नाही. व्यासांच्या महाभारतात ती एकाच कृतीत पडते.

उद्योगपर्वातील प्रसंग पाहावा. शिष्टाई फसल्यावर श्रीकृष्ण कर्णाला रथात घेऊन हस्तिनापुराबाहेर नेतो आणि त्याचे जन्मरहस्य त्याला सांगतो. ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य त्याचे, पाचही भाऊ त्याचे सेवक. दैवाने हिरावून घेतलेले सारे क्षणात परत मिळत असता कर्ण ते नाकारतो. राधेला आपल्यासाठी पान्हा फुटला, अधिरथाने पुत्र मानले, सूतकुळात आपला संसार झाला आणि दुर्योधनाने आपल्या भरवशावर युद्ध मांडले, ही त्याची कारणे. युधिष्ठिराला हे कळू देऊ नकोस, असेही तो कृष्णाला विनवितो. कारण धर्मराज राज्य आपल्याला देईल आणि आपण ते दुर्योधनाच्या हाती ठेवू. जय पांडवांचा होणार हे तो जाणतो, बोलूनही दाखवितो.

येथे कोणी म्हणेल की राधेचा पान्हा आणि दुर्योधनाचे उपकार हेही दैवानेच दिले. मग निवड ती कसली? आक्षेप रास्त आहे. पण कुंतीची कूसही दैवानेच दिली होती. दोन्ही वाटा दैवाने आखलेल्या. त्यांतील कोणती आपली मानावी, हे मात्र दैव सांगत नाही. शिवाय पराभव ठाऊक असल्यामुळे लाभाचा हिशेब संपतो आणि निर्णयामागे केवळ कर्त्याची निष्ठा उरते. शेवट ठरलेला असल्याने कर्णाचे स्वातंत्र्य नाहीसे होत नाही; उलट ते येथे स्वच्छ दिसते.

हे स्वातंत्र्य मान्य केले की त्याची किंमतही मोजावी लागते. द्यूतसभेत द्रौपदीविषयी कर्णाने काढलेले उद्गार कोणत्याही शापाच्या खाती घालता येत नाहीत. दुर्योधनाला प्रिय व्हावे म्हणून आपण पांडवांना टाकून बोललो, याचा पश्चात्ताप तो या संभाषणात स्वतः व्यक्त करतो. तो दैवाकडे बोट दाखवीत नाही. ते काम आपण वाचक त्याच्या वतीने करतो.

लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चे दहावे प्रकरण ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या विषयाला वाहिलेले आहे, आणि तो ग्रंथ १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिला गेला. तुरुंग त्यांनी निवडला नव्हता. ग्रंथ निवडला होता. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणारे आपण बदलीच्या हुकुमालाच दैव म्हणतो, आणि तेवढ्यापुरते ते खरेही आहे. परंतु परक्या गावी आपण कोणाचे होऊन राहावे, हे त्या हुकुमात लिहिलेले नसते. कर्णाला कौंतेय म्हणून मिरविण्याची संधी आली होती. तो राधेय राहिला, आणि त्या दिवसापासून ते नाव त्याने स्वतः घेतलेले होते.