शोकांतिका कोणाची?

फराळाच्या ताटाशेजारी ठेवावे असे हे पुस्तक नव्हे. पण मीर लायक अलींचे ‘ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद’ (कराची, १९६२) बीडच्या माणसाने वाचावयाचे, म्हणजे आपल्याच घरची हकीकत परक्याच्या तोंडून ऐकावयाची.

निजामाचे हे शेवटचे सदर-ए-आझम. पेशाने इंजिनियर व कारखानदार. २९ नोव्हेंबर १९४७ ला ‘जैसे थे’ करार झाला, त्याच सुमारास ते अधिकारावर आले. १७ सप्टेंबर १९४८ ला राजीनामा. जेमतेम साडेनऊ महिने! दिल्लीच्या वाटाघाटी त्यांनी तपशिलाने सांगितल्या आहेत. तो भाग वाचनीय आहे, यात शंका नाही. परंतु शोकांतिकेच्या नायकाला निदान अखेरीस तरी आपली चूक उमगावी लागते. येथे चूक बहुधा दुसऱ्याची. रझाकारांना आवर घालणे त्यांना साधले नाही. आमच्या अंबाजोगाईस शाळेत शिकवून गेलेले स्वामी रामानंद तीर्थ त्यांच्याच कारकीर्दीत तुरुंगात होते.

मात्र आपणही सोवळे नेसून बसू नये. पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले, त्याच्या सुंदरलाल समितीच्या अहवालात बीडचेही नाव आहे, आणि तो कित्येक दशके दप्तरात पडून होता. या पुस्तकाशेजारी तोही उघडून ठेवावा.