तेलाचें राष्ट्रीयीकरण : मूळ कागदांची परीक्षा

इतिहासाच्या साधनांत बनावट सनदा असतात, तशाच खऱ्या सनदांवर रचलेल्या बनावट कथाहि असतात; आणि या दुसऱ्या प्रकारापासून संशोधकास अधिक जपावें लागतें. इंदिरा गांधी यांनीं लोकप्रियतेच्या बळावर परकीय तेल-कंपन्या एका तडाख्यांत हिसकावून घेतल्या, ही अशीच एक कथा होय. स्तुतिपाठक ती पराक्रम म्हणून सांगतात, निंदक तीच जुलूम म्हणून सांगतात. कागद उघडून पाहण्याची तसदी मात्र दोन्ही पक्ष सहसा घेत नाहींत. आम्ही हें लिहीत आहों तें रोह्याच्या वेशीवरील वरसे गांवीं. याच तालुक्यांतील नागोठण्याच्या कारखान्यामुळें हा प्रश्न येथें केवळ दिल्लीचा राहिलेला नाहीं. तो कसा, हें पुढें येईल.

कथेचा सांचा बाहेरून आलेला आहे. मेक्सिकोचे अध्यक्ष कार्देनास यांनीं १८ मार्च १९३८ रोजीं परकीय तेल-कंपन्यांची मालमत्ता सरकारजमा केली. इराणांत मोसद्देक यांच्या पुढाकारानें १९५१ सालीं तेलाचें राष्ट्रीयीकरण झालें, आणि १९५३ च्या ऑगस्टांत त्यांस अधिकारपदास मुकावें लागलें. आमच्याकडील प्रकरण या सांच्यांत बसतें काय, हें पाहूं.

पहिला कागद १९५१ चा. मुंबईजवळ तुर्भें-माहूल येथें तेलशुद्धीचे कारखाने काढण्याविषयीं त्या सालीं परकीय कंपन्यांशीं करार झाले, व २५ वर्षें राष्ट्रीयीकरण करणार नाहीं, असें अभिवचन सरकारनें दिलें. त्या वेळीं अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख; त्यांचा रोह्याशीं असलेला संबंध इकडील वाचकांस सांगावयास नकोच. याच देशमुखांच्या कारकीर्दींत, १९५६ च्या जानेवारींत, आयुर्विम्याचा धंदा सरकारनें ताब्यांत घेतला. देशमुख हे सभा जिंकणारे पुढारी नव्हते, हिशेबी कारभारी होते. तेव्हां राष्ट्रीयीकरण हें लोकप्रिय पुढाऱ्याचेंच हत्यार, हें गृहीत येथेंच डळमळतें.

पुढील कागद तीन कायद्यांचे. एसोचा १९७४ चा, बर्मा शेलचा १९७६ चा व कालटेक्सचा १९७७ चा. एकच तडाखा असता तर तीन वर्षें व तीन कायदे लागते ना. एसोच्या बाबतींत तर प्रथम ७४ टक्के हिस्साच सरकारकडे आला व उरलेला १९७६ सालीं आला. हें सर्व वाटाघाटी करून व मोबदला ठरवून झालें. बर्मा शेलचा कायदा आणीबाणींतला, हें खरें. परंतु १९७७ च्या मार्चांत इंदिरा गांधी यांचें सरकार गेल्यावर आलेल्या विरोधी सरकारनेंहि घेतलेलें परत केलें नाहीं.

आतां मायन्याकडे वळूं. राज्यघटनेच्या ३९ व्या कलमांतील (ख) या खंडाचें तत्त्व सिद्धीस नेण्यासाठीं हा कायदा आहे, अशा आशयाची घोषणा यांत आढळते. वाचणारा तिला शोभेची म्हणून ओलांडून जातो. वस्तुतः मर्म तेथेंच आहे. बँकांच्या १९६९ च्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १० फेब्रुवारी १९७० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविला होता. पुढें १९७१ च्या निवडणुकींत मोठें बहुमत मिळाल्यावर पंचविसावी घटनादुरुस्ती झाली, आणि त्या खंडासाठीं केलेल्या कायद्यांस संरक्षण मिळालें. तेव्हां लोकप्रियतेचा वाटा शून्य, असें आमचें म्हणणें नाहीं. तो वाटा कंपनी घेण्याच्या क्षणीं नसून घटनेच्या दुरुस्तींत आहे, एवढेंच आमचें म्हणणें. त्यांत १९७३ च्या अखेरीस जगभर तेलाचे भाव भडकल्याचें कारण मिळालें.

या भेदाचें फळ नागोठण्यास दिसतें. तेथील कारखाना इंडियन पेट्रोकेमिकल्स या सरकारनेंच काढलेल्या कंपनीचा. मुंबई हायच्या वायूंतून उरण येथें निघणारा माल त्यास पुरे. २००२ सालीं या कंपनीचें व्यवस्थापन विक्रीनें रिलायन्सकडे गेलें. त्यासाठीं संसदेंत कायदा झाला नाहीं. पुढच्याच वर्षीं, १६ सप्टेंबर २००३ रोजीं, हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम यांच्याविषयीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, या कंपन्या कायद्यानें घेतलेल्या मालमत्तेवर उभ्या आहेत, सबब संसदेच्या संमतीवांचून त्या विकतां येणार नाहींत. लोक दोहोंसहि सरकारीच म्हणत. पण एकीमागें सनद होती, दुसरीमागें नव्हती.

याहून बोधप्रद गोष्ट पुढेंच आहे. २०१६ सालीं निरुपयोगी कायद्यांची एक मोठी यादी रद्द झाली, तींत बर्मा शेलचा कायदाहि गेला. २०१९ सालीं भारत पेट्रोलियम विकण्याचें ठरलें तेव्हां संसदेची अडचण उरली नव्हती. पुरेसे गिऱ्हाईक न राहिल्यानें २०२२ सालीं तो बेत मागें पडला, ही गोष्ट निराळी.

शिवाजी महाराजांचें १६७१ चें कुडाळच्या सुभेदारास लिहिलेलें पत्र वाचकांस ठाऊक आहे. बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे संगमेश्वरचें मीठ पडून राहणार नाहीं, असा त्याचा आशय. तो एक कागद नसता, तर मिठासारख्या जिनसावर राज्यानें मालकी न घेतांहि कसा अंमल चालविला, हें आपणांस कळतें ना. मोडी दप्तरांवर जीव टाकणारे संग्राहक छापील राजपत्रें रद्दींत घालतात. त्यांनीं तीं जपावींत, अशी आमची विनंती आहे. उद्यां या काळाचा वाद कागदांवरच तुटावयाचा आहे.