शाल, श्रीफळ आणि कर्णधारपद

आमच्या महाविद्यालयाने गेल्या वर्षी आपल्या माजी खेळाडूंचा आणि प्रशिक्षकांचा सत्कार करायचे ठरविले. महाविद्यालय लहान आहे. परळ-लालबागच्या पट्ट्यातले, गिरणी कामगारांची मुले शिकावीत म्हणून निघालेले. मराठी विभागाचा माणूस म्हणून मानपत्रे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. नावे निश्चित करण्यासाठी एक तक्ता केला होता : नाव, वर्ष, मिळविलेले पदक, भूषविलेले पद. या तक्त्यात एक गृहस्थ कुठेच बसेनात. ते शिपाई म्हणून निवृत्त झालेले. वीसएक वर्षे त्यांनी पहाटे मैदानावर पाणी मारले, फक्कीने रेघा आखल्या, आणि रेघा आखून झाल्यावर मुलांना चढाई कशी करावी, घोट्याची पकड कशी धरावी हे शिकविले. आमची जी मुले पुढे विद्यापीठाच्या संघात गेली, ती आजही त्यांनाच गुरू मानतात. पण 'भूषविलेले पद' या रकान्यात लिहायचे काय? समितीत कोणीही त्यांना विरोध केला नाही. उलट सगळे आदरानेच बोलले. शेवटी ठरले की, त्यांचे नाव आभारप्रदर्शनात घ्यावे. मीही मान डोलावली आणि घरी येऊन मानपत्रे लिहावयास बसलो.

प्रस्तुत लेख त्या मान डोलावण्यातून निघाला आहे. सत्कार ही आपल्याकडे निरुपद्रवी गोष्ट समजली जाते. ती तशी नाही. कोणाला काय देऊन गौरवायचे आणि तसे करताना काय द्यायचे टाळायचे, याचा तो एक व्यवहार असतो. आणि मानपत्र हा त्या व्यवहाराचा दस्तऐवज असतो. हा व्यवहार तपासायचा तर मुंबईच्या क्रीडा-इतिहासात बाळू पालवणकरांइतके दुसरे बोलके उदाहरण नाही.

बाळू पालवणकर चर्मकार समाजातले. पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात ते खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे काम करीत; पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये झाले. तिथे जाळीत ते साहेबांना गोलंदाजी करीत. तासन्‌तास चेंडू टाकायचा तो बाळूंनी. बॅट मात्र त्यांच्या हाती द्यायची नाही. कॅप्टन ग्रेगसारखा नामांकित फलंदाज या डावऱ्या फिरकीवर आपला हात घासून घेत होता. आजच्या भाषेत बोलायचे तर बाळू त्याचे प्रशिक्षक होते. पण तक्त्यातला रकाना तेव्हाही रिकामाच होता.

पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घ्यावे लागले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांना चालत होता. तो विटाळत नव्हता. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. तोंड धुवायचे पाणीही दलित नोकरानेच आणून द्यायचे. ही हकिकत रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' या ग्रंथात साधार मांडली आहे. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच की, हिंदू समाजाने बाळूंच्या कौशल्याचा स्पर्श स्वीकारला आणि बाळूंचा स्पर्श नाकारला. हात आणि माणूस यांची अशी फाळणी जातिव्यवस्थेलाच साधू शकते. चामडे कमावणारा हात तिला पूर्वीपासून हवाच होता. आता त्याच समाजातला चेंडू टाकणारा हातही हवा झाला.

पुण्यात प्लेगची साथ आल्यानंतर हे कुटुंब मुंबईस आले आणि बाळू हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्यात बाळूंचे आठ बळी होते आणि भाऊ शिवराम सोबत खेळत होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी दिले, अशी नोंद गुहा करतात. आंबेडकर तेव्हा वीस वर्षांचे, एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. चवदार तळे अजून सोळा वर्षे दूर होते.

म्हणजे मानपत्र मिळाले. हारही मिळाले, न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनी जाहीरपणे गळ्यात हार घातल्याचे सांगतात. मग मिळाले नाही ते काय? कर्णधारपद मिळाले नाही. त्या काळच्या हिंदू संघात त्यांच्याइतका थोर गोलंदाज नव्हता, अनुभवानेही ते ज्येष्ठ होते. तरी संघाची धुरा कधी त्यांच्याकडे आली नाही. हाराला खर्च येत नाही, कर्णधारपदाला येतो. कर्णधार क्षेत्ररक्षण लावतो, कोणी केव्हा चेंडू टाकायचा ते सांगतो. कर्णधाराचा शब्द ब्राह्मणालाही पाळावा लागतो. सत्कारात उच्चवर्णीय काहीतरी देतो आणि देणारा म्हणून वरच राहतो. अधिकारात त्याला ऐकावे लागते. ही तफावत ओळखल्याशिवाय बाळूंच्या गौरवाचा इतिहास वाचता येत नाही.

ही तफावत पालवणकर बंधूंनी ओळखली होती. १९२० साली चौरंगी सामन्यांसाठी बाळूंना वगळण्यात आले. कर्णधार पै पहिल्या सामन्यात खेळू शकले नाहीत, तेव्हा विठ्ठलला डावलून धुरा देवधरांकडे देण्यात आली. विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि गुणवत्तेपेक्षा जात वरचढ ठरली असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. हे पत्रक आपल्या विद्रोहाच्या इतिहासात मोजले गेले पाहिजे. दबाव आला, तडजोड झाली. बंधू परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघ त्यांनी चालविला. पूर्ण अधिकार मिळाला तो १९२३ मध्ये, विठ्ठलला, आणि त्याच्या नेतृत्वाखाली हिंदू संघ जिंकला. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव संमत झाला. ठरावाने पाणी मिळाले नाही, ते १९२७ साली महाडला जाऊन घ्यावे लागले. कर्णधारपदही ठरावाने आले नाही. तेही बहिष्काराने घ्यावे लागले.

आता मानपत्राच्या भाषेकडे येतो, कारण माझा अपराध तिथला आहे. मी लिहिलेली मानपत्रे सत्कारानंतर पुन्हा वाचली. त्यांत 'प्रतिकूल परिस्थितीवर मात करून' हे शब्द तीन वेळा आले आहेत. ही परिस्थिती प्रतिकूल कोणी केली? वाक्यात कर्ताच नाही. परिस्थिती पावसासारखी आकाशातून पडलेली आहे आणि खेळाडू छत्री उघडून तिच्यातून चालत गेला आहे. बाळूंच्या बाबतीत ही 'परिस्थिती' म्हणजे चहाचे वेगळे भांडे, आणि ते भांडे कोणीतरी हाताने पुढे केले होते. मानपत्र त्या हाताचे नाव घेत नाही. पुष्कळदा तो हात सत्कार समितीतच बसलेला असतो. अशा मानपत्रात सत्कारमूर्ती मोठी होते ती समाजाला निर्दोष ठरविण्याच्या अटीवर. तिने तक्रार केली नाही हाच तिचा मोठा गुण ठरतो.

याला उत्तर एकच : माणसाने आपले मानपत्र स्वतः लिहावे. विठ्ठल पालवणकरांनी ते केले. 'माझे क्रीडा-जीवन' हे त्यांचे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत प्रसिद्ध झाले. म्हणजे 'बलुतं'च्या तीस वर्षे आधी. तरी दलित आत्मकथनांच्या चर्चेत हे पुस्तक आपण क्वचितच घेतो. आपली समीक्षा गावकुसाबाहेरच्या दारिद्र्याला ओळखते, भुकेला ओळखते. पण पांढऱ्या पोशाखात मैदानावर उभ्या असलेल्या दलिताला ती चटकन आपला म्हणत नाही. शीर्षकात 'जीवन' नाही, 'क्रीडा-जीवन' आहे, याचाही विचार व्हावा. ज्या समाजाने आपला फक्त खेळ पाहिला, त्या समाजाला आपण आपले आयुष्य खेळापुरतेच सांगावे, हा संकोच की सावधपणा? प्रस्थापित समीक्षेने हे पुस्तक विसरावे यात नवल नाही. आपणही विसरलो, याचा जाब आपल्यालाच दिला पाहिजे.

आपल्या विसरण्याचे दुसरे कारण अधिक अवघड आहे आणि ते टाळून चालणार नाही. १९३२ मध्ये बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळच्या मतदारसंघात काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. ज्या तरुणाने सव्वीस वर्षांपूर्वी त्यांचा गौरव केला, त्याच्याविरुद्ध ते लढले आणि हरले. त्यांची भूमिका चुकीची होती असे मी मानतो. ज्या हिंदू समाजाने त्यांना कर्णधारपद दिले नाही, त्यानेच त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उमेदवारी मात्र दिली, हे त्यांनी ओळखावयास हवे होते. परंतु एवढ्यावरून ११४ बळी पुसले जात नाहीत, आणि १९२० चे पत्रकही पुसले जात नाही. १९५५ साली बाळू वारले. राजकीय मतभेदापायी आपल्याच माणसाला आठवणीतून वगळणे म्हणजे 'पद' नाही म्हणून शिपायाला तक्त्यातून वगळण्यासारखेच आहे. सत्कार करणे आणि सहमत होणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत.

महाविद्यालयाने काय करावे, याचाही एक चांगला दाखला आपल्याकडे आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला खाशाबा जाधवांकडे जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. सरकारचा अर्जुन पुरस्कार आला तो १९८४ मधील त्यांच्या मृत्यूनंतर. घर गहाण टाकणे हा सन्मान होता, कारण त्यात देणाऱ्याचेही काही पणाला लागले होते. दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांचे स्मारक २०२४ साली उभे राहिले, हेही योग्यच झाले. मैदानावर उभे राहून मुले घडविणाऱ्याची आठवण मैदानावरच असावी. परंतु त्याच शहरातल्या मैदानांवर रोलर ओढणाऱ्यांत किती जण कोणाचे गुरू होते, याचा तक्ता अजून कोणी केलेला नाही.

आमच्या समितीची पुढली बैठक येत्या महिन्यात आहे. 'भूषविलेले पद' हा रकाना काढून त्या जागी 'केलेले काम' असा रकाना घालावा, आणि त्या निवृत्त गृहस्थांना मानपत्र देऊन न थांबता पुढच्या निवड समितीवर मताच्या अधिकारासह घ्यावे, असे मी लेखी मांडले आहे. सही करताना हात थोडा अडला हे लपविण्यात अर्थ नाही. घराण्यातला मी पहिला पदवीधर; माझ्या खुर्चीलाही चार पायच आहेत आणि ते कोणी धरले आहेत हे मला ठाऊक आहे. ठराव संमत होईल की नाही, सांगता येत नाही. मागच्या वेळी कोणी विरोध केला नव्हता, तरी काम व्हायचे ते झाले होते. या वेळी निदान ज्याला नकार द्यायचा आहे त्याला तो स्वतःच्या नावाने, इतिवृत्तात लिहून द्यावा लागेल. वाक्यात कर्ता येईल.