पात्रवर्गाची निवड आणि मराठी व्यवसायनामे

कल्पनारम्य भूमिकाखेळात प्रवेश करणाऱ्यास आरंभीच एक प्रश्न सोडवावा लागतो : या जगात आपण कोण व्हावयाचे ? योद्धा, जादूगार, पुरोहित, गायक-कवी, शिकारी, चोर अशा एखाद्या नामावलीतून त्याने एक नाव निवडावयाचे असते. आणि ते नाव निवडले की त्याची शस्त्रे, त्याच्या विद्या, त्याची बलस्थाने व वैगुण्ये ही सर्व त्या नावाबरोबर ठरून जातात. इंग्रजीत यास ‘क्लास’ अशी संज्ञा आहे. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘पात्रवर्ग’ हा शब्द तात्पुरता योजला आहे. तो तात्पुरता का, हाच या लेखाचा विषय होय.

आंतरजालावर अनेकांनी मिळून खेळावयाचा एखादा नवा खेळ घोषित होतो, तेव्हा या निवडीचे स्वरूप विशेष लक्षणीय बनते. खेळ अद्याप कोणी खेळलेला नसतो. पात्रवर्ग मात्र जाहीर झालेले असतात. ‘ॲशेस ऑफ क्रिएशन’ हा खेळ २०१६ साली घोषित झाला. त्यात मूळ आठ प्रकार आणि त्यांच्या परस्परसंयोगातून सिद्ध होणारी चौसष्ट वर्गनामे होती, आणि खेळ हाती येण्यापूर्वी कित्येक वर्षे ही चौसष्ट नावे लोकांपुढे होती. भावी खेळाडू त्यांतून निवड करीत होते, एकमेकांशी वाद घालीत होते. जे वाटेल ते निवडावयाचे, पण अनुभव काहीच नाही, केवळ शब्द आहेत, अशी ही अवस्था. म्हणून येऊ घातलेल्या खेळातील पात्रवर्गाची निवड ही प्रथमतः भाषिक घटना ठरते आणि तिचा विचार भाषाभ्यासकाने करणे अप्रस्तुत नाही.

या संज्ञेचा इतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात तीनच पात्रवर्ग होते : लढवय्या, जादूगार आणि पुरोहित. पुढील वर्षीच्या पुरवणीत त्यांत चोराची भर पडली. पात्रवर्गाच्या जोडीला ‘वंश’ ही दुसरी कोटी होती. वंश जन्माचा व वर्ग व्यवसायाचा, असा भेद वरवर दिसतो. परंतु या दोहोंची सीमारेषा आरंभापासूनच डळमळीत राहिली आहे. १९८१ च्या प्राथमिक आवृत्तीत माणसाला आपला व्यवसाय निवडता येई. बुटका, यक्षसदृश एल्फ व हाफलिंग यांना मात्र निवड नव्हती. त्यांचा वंश हाच त्यांचा वर्ग होता. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात नऊ पात्रवर्ग होते, पण प्रत्येक वंशास प्रत्येक वर्गाचा अधिकार नव्हता. टॉरेन नावाच्या वृषभमुखी वंशात जन्मलेल्यास पुरोहित होता येत नसे; तो अधिकार त्याला २०१० साली मिळाला. याच खेळात २००९ पासून अधिक मोल देऊन पात्राचा वंश बदलून घेण्याची सोय झाली. वर्ग मात्र कितीही मोल दिले तरी बदलत नाही. म्हणजे जन्म विकत मिळतो आणि व्यवसाय जन्मभर चिकटून राहतो ! सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग तेवढे आणता येत नाही, ही आपल्याकडील म्हण येथे वेगळ्याच अर्थाने खरी ठरते. उलटपक्षी ‘फायनल फँटसी फोर्टीन’ या खेळात हातातील शस्त्र बदलताच पात्राचा वर्ग बदलतो व एकाच पात्रास सर्व वर्ग आत्मसात करता येतात. यावरून असे दिसेल की, निवड करता येते एवढ्यावरून निवडीचे स्वातंत्र्य सिद्ध होत नाही. निवडलेले नाव उतरवून ठेवता येते की नाही, यावर ते अवलंबून असते.

हा प्रश्न मराठीत आला की त्यास वेगळीच धार चढते. समजा, एखाद्या भाषांतरकारास या वर्गनामांना मराठी प्रतिशब्द द्यावयाचे आहेत. रानावनात माग काढणाऱ्या शिकाऱ्यास मराठीत नेमका शब्द आहे : पारधी. पारध म्हणजे शिकार. तेव्हा शब्द अन्वर्थक आहे. जडीबुटीने बरे करणारा तो वैदू. देवाची पूजाअर्चा पाहणारा तो गुरव. वंशावळी व पराक्रम गाणारा तो भाट. प्रत्येक शब्द रोजच्या बोलण्यातला, अर्थाने चपखल, आणि तरीही प्रत्येकापाशी भाषांतरकाराचा हात थबकतो. कारण यांतील एकही शब्द केवळ व्यवसायाचे नाव नाही. तो एका समाजाचेही नाव आहे. ज्याने आयुष्यात कधी शिकार केली नाही तोही पारधी असतो, आणि जो हौसेने शिकार करतो तो पारधी नसतो. मराठीतील व्यवसायनामांचा फार मोठा भाग असा जातिनामांशी एकजीव झालेला आहे.

या अडचणीतून सुटण्याचा रूढ मार्ग म्हणजे संस्कृताकडे धाव घेणे. शिकाऱ्याचा ‘आखेटक’ करावा, वैदूचा ‘उपचारक’, गुरवाचा ‘धर्माचार्य’. हे शब्द निरुपद्रवी आहेत, कारण ते कोणाचेच नाहीत. परंतु जो शब्द कोणाचाच नाही, त्याला बोलण्याची ढबही नसते. ‘आखेटक’ कसा बोलेल, कोणाला काय हाक मारील, रागावला तर काय म्हणेल, याची कल्पना वाचकाच्या मनात उभी राहत नाही. प्रतिशब्द मिळतो आणि पात्र हरवते. खुद्द ‘क्लास’ या संज्ञेची गतही निराळी नाही. तिला ‘जात’ म्हणावे, तर जन् धातूचा अर्थ तिच्यातून सुटत नाही, आणि निवड ही कल्पनाच बाद होते. ‘वर्ग’ म्हणावे, तर तो शाळेचाही असतो, समाजशास्त्राचाही असतो आणि गणिताचाही.

या कोंडीचे खरे गांभीर्य सोलापुरात चोर या पात्रवर्गाच्या संदर्भात कळते. १९७५ पासून भूमिकाखेळांत चोर हा एक लोकप्रिय वर्ग आहे. कुलूप उघडणे, पावलांचा आवाज न करणे, खिसा हलका करणे हे त्याचे गुण मानले जातात, आणि खेळाडू ते हौसेने निवडतो. परंतु सोलापुरात हीच भूमिका माणसांना जन्माने देण्यात आली होती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारणेनंतर देशभर लागू करता येऊ लागला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशा जमातींची वसाहत उभी राहिली. टकारी, कैकाडी, पारधी, कंजारभाट यांसारख्या समाजांतील कुटुंबे तेथे ठेवण्यात आली. तेथील माणसे गिरण्यांत कामास जात आणि त्यांना हजेरी द्यावी लागे. ज्याने कधी कोणाचे काही उचलले नव्हते, त्या लहान मुलाचाही वर्ग कायद्याने ठरलेला होता. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला; पण सोलापूरच्या बोलण्यात ‘सेटलमेंट’ हे त्या वस्तीचे नाव टिकून राहिले. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनास ‘उचल्या’ हे नाव दिले. व्यवसायाचे, जमातीचे आणि दूषणाचे नाव एकच असावे, याहून ‘चोर’ या पात्रवर्गावरील दुसरे भाष्य मराठीत कोणते हवे ?

येथे असा आक्षेप घेता येईल की, खेळ हा खेळ आहे. त्यातील चोर कोणाचे काही नेत नाही आणि कोणावर शिक्का मारीत नाही. हे मान्य केले, तरी शब्दाचा प्रश्न उरतोच. खेळाडूला जे नाव गंमत म्हणून घेता येते, ते नाव ज्याला टाकता आले नाही असा माणूस त्याच शहरात, कदाचित त्याच महाविद्यालयाच्या बाकावर असतो. दोघांची भाषा एकच आहे. म्हणून पारधी, वैदू यांसारखी नावे पात्रवर्गासाठी उसनी घेणे हा केवळ अभिरुचीचा दोष ठरत नाही. समाजाचे नाव पुन्हा एकदा व्यवसायात कोंडण्याचा तो प्रकार होतो.

मग मराठीत खरा पात्रवर्ग, म्हणजे जन्माने न मिळता पत्करला जाणारा, असा कोणताच नाही काय ? एक निश्चित आहे : शाहीर. मूळ अरबी ‘शाइर’ या शब्दापासून आलेले हे नाव मराठीत रुजले ते एका कलेचे नाव म्हणून, कोण्या एका जातीचे नाव म्हणून नव्हे. होनाजी गवळी समाजातला, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान, आणि सोलापूरचा रामजोशी ब्राह्मण. डफावर थाप पडली की हे सगळे शाहीर. रामजोशाचे उदाहरण येथे विशेष बोधक आहे. त्याच्या घरची परंपरा पुराण सांगण्याची. त्याने जवळ केला तमाशाचा फड. या निवडीपायी वडील भावाने त्याला घराबाहेर काढले, असे परंपरा सांगते. म्हणजे निवड होती, आणि तिचे मोलही होते. पुढे तो कीर्तनातही रंगला. परंतु भाषाभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, एक भूमिका सोडून दुसरीत जाताना त्याने पहिल्या भूमिकेची वाणी टाकून दिली नाही. त्याच्या लावणीत संस्कृत पदावली आणि अनुप्रासाचा डौल उतरला, तो पुराणिकाच्या घरातून आला होता. दोन व्यवसायांची भाषा एका मुखात नांदली, आणि त्यातून लावणीचे एक नवे रूप सिद्ध झाले.

भूमिका पत्करणे म्हणजे तिची भाषा पत्करणे, हे तत्त्व मराठीत याहून जुने आहे. एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांत जोशी येतो, वासुदेव येतो, गोंधळी, वाघ्या, मुरळी, भुत्या, फकीर, जोहार घालणारा महार येतो. आपण याला सोंग म्हणतो. सोंगाला वेषाची जोड असते. पण भारुडातील सोंग उभे राहते ते मुख्यतः बोलण्याने. प्रत्येकाचे संबोधन निराळे, शब्दसंग्रह निराळा, लय निराळी. सोंग घेणाऱ्यास प्रथम त्या माणसाचे बोलणे ऐकावे लागते. भूमिकाखेळांतील पात्रवर्गाची उणीव नेमकी येथे आहे. योद्धा व पुरोहित यांचे भेद आकड्यांत सांगितलेले असतात : प्रहार किती, संरक्षण किती, उपचारशक्ती किती. दोघांच्या तोंडी घातलेली वाक्ये मात्र बहुधा सारखीच असतात. हाती गदा दिली, जिभेवर काहीच दिले नाही, अशी ही भूमिका असते.

एकनाथांचे सोंगही निर्दोष उत्तर नव्हे, हे सांगितलेच पाहिजे. जोहार घालून झाल्यावर कीर्तनकारास घरी जाता येत होते. ज्याचा तो जोहार होता त्याला ती सुटका नव्हती. आणि बहुरूप्याची कथा तर याहून विलक्षण : नित्य नवे सोंग घेणे हाच ज्याचा जन्माने ठरलेला धंदा, त्याला आपले एक सोंग तेवढे कधीच उतरवता आले नाही. तरीही सोंगात एक गोष्ट आहे जी पात्रवर्गात नाही. दुसऱ्याचे नाव घेण्याआधी दुसऱ्याचे ऐकण्याची अट सोंगात अनुस्यूत आहे.

या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. ‘क्लास’ या संज्ञेसाठी मराठीत ‘पेशा’ हा शब्द अधिक योग्य होय. तो बोलीत रुळलेला आहे, व्यवसायवाचक आहे आणि जन्माची अट घालीत नाही. निवडीच्या कृतीस ‘सोंग घेणे’ म्हणावे. कारण घेतलेले सोंग उतरवता येते, हा अर्थ त्यात गृहीत आहे. वर्गनामांचे भाषांतर करताना समाजांची नावे वापरू नयेत, तसेच केवळ भयाने संस्कृताच्या आडोशासही जाऊ नये. शाहीर, जासूद, मांत्रिक, पहिलवान यांसारखी जी नावे माणसे कर्तृत्वाने मिळवीत आली, त्यांचा शोध घ्यावा. हे काम कोशकाराचे आहे तितकेच क्षेत्रीय अभ्यासकाचे आहे. मराठी, कानडी, तेलुगू व दखनी या भाषा ज्या शहरातील एकाच गल्लीत ऐकू येतात, तेथील विद्यार्थ्यांस या कामी अनुकूलता अधिक आहे.

आणि घोषित झालेल्या एखाद्या खेळातील पेशांची यादी वाचून आपण कोण व्हावे असा विचार करणाऱ्या तरुणाने बलाबलाचे आकडे अवश्य पाहावेत. परंतु त्याआधी दोन प्रश्न विचारावेत. हा पेशा आपल्याला बोलावयास काही देतो काय ? आणि नको वाटल्यास तो आपल्याला सोडता येतो काय ? पहिला प्रश्न कलेचा आहे. दुसरा प्रश्न किती मोठा आहे, हे सोलापुरातील तारेच्या कुंपणाने एकेकाळी दाखवून दिले आहे.