नगराचे ऋण आणि बाजाराची शिस्त

महानगरपालिकांनी कर्जरोखे विकून भांडवल उभारावे, म्हणजे बाजाराची शिस्त त्यांच्या कारभारास आपोआप लागते, हे मत आता जवळजवळ गृहीत धरले जाते. पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने, १० वर्षांच्या मुदतीने उभारलेले २०० कोटी रुपये हे त्याचे प्रमाण म्हणून दाखविण्यात येते. प्रस्तुत टिपणात या मताची परीक्षा करावयाची आहे.

न्यूयॉर्क शहराचा अनुभव या मतास अनुकूल नाही. अल्पमुदतीची कर्जे फेडण्यासाठी नवी कर्जे काढण्याचा त्या शहराचा परिपाठ बाजाराने वर्षानुवर्षे चालू दिला, आणि १९७५ च्या वसंतात एकाएकी हात आखडता घेतला. जूनमध्ये राज्याने म्युनिसिपल असिस्टन्स कॉर्पोरेशन हे सार्वजनिक महामंडळ स्थापिले व शहराचा विक्रीकर राज्याकडे वळवून त्याच्या रोख्यांना तारण दिला. एवढे सबळ तारण असूनही रोखे सहजी खपेनात. अखेर सप्टेंबरमध्ये शहराच्या खर्चावर कायद्याने नियंत्रण मंडळ नेमावे लागले, आणि कामगार संघटनांच्या निवृत्तिवेतन निधींनी रोखे घेतले. शिस्त आली ती कायद्याने. आणि तिचा भार वाहिला प्रवाशांनी व विद्यार्थ्यांनी. भुयारी रेल्वेचे भाडे ३५ सेंटांवरून ५० झाले. शहराच्या विद्यापीठातील निःशुल्क शिक्षण १९७६ मध्ये संपले.

पुण्यावर असे अरिष्ट ओढवले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. तथापि पुण्याची जकात एप्रिल २०१३ मध्ये गेली. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता उठला. हाती उरलेल्या स्वायत्त उत्पन्नात प्रमुख असा जो मिळकतकर, त्याचाच आधार रोख्यांना देण्यात आला. धनको निश्चिंत झाला. परंतु त्याच वर्षी जलवाहिन्यांच्या निविदा रद्द करून नव्याने मागवाव्या लागल्या. व्याज सुरू झाले, काम मात्र रेंगाळले. या विलंबाबद्दल बाजाराने काहीही विचारले नाही, कारण त्याचा हप्ता सुरक्षित होता. परतफेडीची शिस्त आणि विनियोगाची शिस्त या भिन्न गोष्टी होत. पहिलीवरून दुसरीचे अनुमान काढणे हा तर्कदोष होय.

आणखी एक पक्ष या हिशेबात येतच नाही. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनेही २०२३ मध्ये २०० कोटींचे रोखे विकले. त्या शहराची तहान मुख्यतः मावळातील पवना धरण भागविते. पवनेपासून बंद जलवाहिनी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तीन शेतकरी मृत्युमुखी पडले, आणि योजना अनेक वर्षे थांबली. ती रोख्यांवर उभारलेली नव्हती. परंतु नगराच्या पतीची एक मर्यादा तिने दाखवून दिली. धरणाकाठच्या गावकऱ्याला नगराच्या निवडणुकीत मत नाही आणि धनकोंच्या यादीत नाव नाही. तरीही त्याच्या संमतीवाचून नगराचे पाणी, आणि म्हणून नगराची मिळकत, निर्वेध राहत नाही.

सारांश, कर्जरोखा त्याज्य नव्हे. पण तो कारभाराचे प्रशस्तिपत्रही नव्हे. निविदा निश्चित झाल्यावाचून रोखे विकू नयेत. उभारलेल्या पैशाचा व झालेल्या कामाचा ताळेबंद दरवर्षी सर्वसाधारण सभेपुढे यावा. आणि पाण्याच्या योजनेत धरणाकाठच्या गावांशी झालेला करार कर्जाच्या दस्तऐवजात समाविष्ट असावा. या तीन गोष्टी बाजार मागणार नाही. त्या कायद्यानेच मागावयास हव्यात.