मराठी ख्रिस्ती वाङ्‌मयातील प्रश्नकर्ता आणि श्रोता

धर्मप्रसाराच्या हेतूने लिहिलेल्या वाङ्‌मयाचे परीक्षण करताना वक्त्याने काय सांगितले याचीच चर्चा बहुधा होते. ऐकणारा कोण होता, त्याने काय विचारले आणि त्याचे विचारणे कितपत मोकळे होते, याकडे समीक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः संवादरूप ग्रंथाची खरी कसोटी तेथेच लागते. मराठीतील तीन ख्रिस्ती कृतींच्या आधारे या मुद्द्याचा विचार येथे करावयाचा आहे.

फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला. त्याचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथारंभी साष्टीतील एक ब्राह्मण श्रोता पाद्री-गुरूस विनवितो : जुनी पुराणे आम्हांस वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? या मागणीतूनच ग्रंथ उभा राहतो. पुढेही श्रोते शंका विचारतात आणि गुरू त्यांचे निरसन करतो. श्रोता-वक्ता संवादाची ही रीत आपल्या पुराणकथनातील होय, आणि ती इतक्या सहजतेने आत्मसात करणारा स्टीफन्स हा निःसंशय मोठा ग्रंथकार होय. परंतु या विनवणीमागील परिस्थिती विसरून चालणार नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली होती आणि जुने ग्रंथ राजसत्तेच्या बळावर हिरावले गेले होते. म्हणून त्या ब्राह्मणाच्या प्रश्नात जिज्ञासेइतकीच वंचनाही आहे. स्टीफन्सने ती वंचना ऐकली, हा त्याचा मोठेपणा. मात्र नव्या पुराणास नकार देण्याची मुभा त्याच्या श्रोत्यास नाही, ही त्या संवादाची मर्यादा. येथे शंका उत्तरासाठीच योजिलेली असते.

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) हे नाते पालटते. यमुना व तिचा पती विनायक प्रवासास निघतात आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या त्यांच्या कानी येतात. ख्रिस्ती मताकडे वळलेली नायिका येथे आधी श्रोती आहे, हे विशेष. दुःख सांगणाऱ्या स्त्रीस कोणीतरी स्वस्थपणे ऐकून घ्यावे, हेच त्या काळी दुर्मिळ होते. कादंबरीचा जो भाग आजही वाचवतो तो हाच. मात्र लेखकाचा सिद्धान्त आधीच ठरलेला असल्यामुळे प्रत्येक कहाणी अखेर उदाहरण होऊन बसते. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुना ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. त्या शेवटाकडे सारे संवाद एखाद्या उतारावरून गेल्यासारखे जातात. ऐकणे खरे, पण निष्कर्ष पूर्वनियोजित, असा हा पेच आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त (१९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध) हा पेच सुटतो. नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराचा उगमही एका साध्या संभाषणात आहे. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाशी काव्यशास्त्राच्या गप्पा झाल्या आणि त्याने ‘नवा करार’ हाती दिला. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. परंतु ग्रंथाचे मर्म त्यानंतरच्या वर्षांत आहे. काही काळाच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीजवळ राहावयास आल्या त्या आपले सोवळे सांभाळूनच. एका संसारात दोन धर्म नांदू लागले. पुढे त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, तो जातिभेद देवाचा की माणसाचा, हा. तो प्रश्न कोणी त्यांना घालून दिला नव्हता. कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय आधी झाला. बाप्तिस्मा मागाहून आला, टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी.

यावर असा आक्षेप संभवतो की, आत्मचरित्राची तुलना पुराणाशी व कादंबरीशी करणे न्याय्य नव्हे. आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. हेतू भिन्न असला की रचनाही भिन्न होते. परंतु येथे तुलना वाङ्‌मयप्रकारांची नसून श्रोत्यास लाभलेल्या स्वातंत्र्याची आहे. ‘ख्रिस्तपुराणा’तील श्रोता विचारतो, पण नाकारू शकत नाही, यमुना ऐकते, पण तिचे उत्तर सिद्ध असते, लक्ष्मीबाई मात्र भांडतात, हसतात, हट्ट धरतात आणि दीर्घकाळ ‘नाही’ म्हणतात. त्यांचा होकार वाचकास पटतो तो या नकारामुळेच.

धर्मांतराविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते ती बहुधा आमिष आणि बळजबरी यांभोवती फिरते. तिला आधार नाही असे नव्हे. साष्टीचा इतिहास समोर आहेच. परंतु श्रद्धा एका मनातून दुसऱ्या मनात खरोखर कशी जाते, या प्रश्नाचे उत्तर त्या चर्चेत मिळत नाही. ते स्वयंपाकघरातील बोलण्यात आणि थांबून ऐकण्यात शोधावे लागते. ज्या संवादात नकारास जागा नाही, त्यातील होकाराचे मोल करता येत नाही. हा निकष धर्मास लागू आहे, तसाच वाङ्‌मयासही.